खायेलित्शाच्या गोळ्या आणि लंडनचा दावा

अब्रूनुकसानीच्या कायद्याशी माझी पहिली ओळख पुस्तकातून झाली नाही, एका पाकिटातून झाली. १९८३ सालची गोष्ट. गिरण्यांचा संप सुरू होऊन दीड वर्ष उलटले होते. आमच्या वस्तीतून आम्ही सात-आठ पोरे एक पाक्षिक काढत असू. सायक्लोस्टाइल केलेली आठ पाने, किंमत पंचवीस पैसे, खप दीडशेच्या आसपास, त्यातले निम्मे अंक फुकट जात. माझे मामा गिरणीत रिंग खात्यात होते. (विणकाम खात्यात आमच्या माणसांना घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि आमच्या तोंडचा धागा इतरांना चालत नसे. ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. तरीही ती जेथे संधी मिळेल तेथे लिहून ठेवावी असे मला वाटते.)

मामांना क्षय झाला होता. दवाखान्यातून सुया नि गोळ्या चालू होत्या. अठरा महिने घ्यायच्या, मध्ये सोडायच्या नाहीत, असे तिथल्या नर्सबाई दर वेळी बजावत. पण सुयांनी अंग दुखे, गोळ्यांनी मळमळे, आणि संपामुळे घरात शिजवायला काही नसे. रिकाम्या पोटी ती औषधे माणसाला सोसत नाहीत. अशा वेळी नाक्यावर एक गृहस्थ काढ्याच्या बाटल्या मांडून बसू लागले. नावाआधी ‘डॉक्टर’, पाठीमागच्या भिंतीवर कुठल्याशा परिषदेचे चौकटीतले प्रमाणपत्र. इंग्रजी औषध रक्त जाळते, काढा रक्त वाढवतो, असे ते सांगत. मामांनी सुया सोडल्या. मामीने घरातला तांब्याचा हंडा मोडीत घालून बाटल्या आणल्या. सातव्या महिन्यात मामा गेले.

आम्ही पाक्षिकात दोन पाने लिहिली. मजकूर माझा होता. पंधरवड्यात वकिलाचे पाकीट आले. आतला कागद इंग्रजीत होता. तो वाचून घ्यायला आम्ही एका ओळखीच्या कारकुनाकडे गेलो. आमच्या मजकुरामुळे त्याच्या अशिलाच्या समाजातील प्रतिष्ठेस धक्का बसला असून त्यापोटी एक लाख रुपये द्यावेत, नाहीतर दिवाणी आणि फौजदारी अशी दोन्ही कारवाई होईल, असा त्याचा आशय. आमच्यापैकी कुणीही हजार रुपये एकरकमी पाहिलेले नव्हते. संपादक म्हणून ज्याचे नाव छापत असू तो एका कचेरीत तात्पुरत्या नोकरीवर होता. खटला उभा राहिला असता तर त्याची कायम होण्याची आशा संपली असती. पुढच्या अंकात आम्ही चौकट टाकून दिलगिरी छापली. तीही मीच लिहिली. त्यानंतर दोन अंक निघाले आणि पाक्षिक बंद पडले.

ही हकीगत मी पंचवीस वर्षे कुणापाशी बोललो नव्हतो. २००८च्या सप्टेंबरात वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर एक छोटी बातमी वाचली. जीवनसत्त्वांच्या गोळ्या विकणाऱ्या एका जर्मन डॉक्टराने लंडनच्या ‘गार्डियन’ दैनिकावर लावलेला अब्रूनुकसानीचा दावा मागे घेतला होता, आणि दैनिकाच्या खर्चापोटी त्याने २,२०,००० पौंड तातडीने भरावेत असा कोर्टाचा हुकूम झाला होता. ज्या मजकुरावरून दावा झाला तो दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या वस्त्यांमधल्या एड्सच्या रोग्यांविषयी होता. ते पाकीट मला आठवले. तेव्हापासून या प्रकरणाचे जे जे हाती लागले ते वाचत आलो. त्यातून जे दिसले ते येथे मांडतो.

प्रथम जागा समजून घेतली पाहिजे. खायेलित्शा हे केप टाउन शहराबाहेरचे वाळूच्या मैदानावरचे वसलेले गाव. वसलेले म्हणजे वसवलेले. १९८०नंतरच्या दशकात वर्णद्वेषी सरकारने काळ्या माणसांना शहराच्या जवळच्या वस्त्यांमधून उचलून तेथे नेऊन टाकले. खोसा भाषेत या नावाचा अर्थ ‘नवे घर’. पत्र्याची खोपटी, सार्वजनिक नळ, शहरात कामाला जायला पहाटेची गर्दीची गाडी. गावकुसाबाहेरचे जगणे ज्यांनी पाहिले आहे त्यांना याहून जास्त वर्णन करून सांगण्याची गरज नाही. १९९४ साली राज्य बदलले, मंडेला अध्यक्ष झाले; पण खायेलित्शा होते तेथेच राहिले, आणि नेमक्या त्याच वर्षांत एड्सने त्या देशात पाय पसरले.

एचआयव्हीचा विषाणू रोखून धरणाऱ्या तीन औषधांचा एकत्रित उपचार १९९६च्या सुमारास निघाला. रोग त्याने समूळ जात नाही, पण रोज गोळ्या घेणारा माणूस जगतो, कामाला जातो, पोरे वाढवतो. प्रश्न किमतीचा होता. वर्षाला दहा हजार डॉलरांच्या वर. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने १९९७ साली स्वस्त औषधे आणता यावीत म्हणून कायदा दुरुस्त केला, तर ३९ औषधकंपन्यांनी मिळून मंडेलांच्याच सरकारला कोर्टात खेचले. हे विसरून पुढची गोष्ट सांगणे अन्यायाचे होईल. औषधकंपन्या नफ्यापायी माणसे मरू देतात, हा आरोप राथ नावाच्या गृहस्थाने शोधून काढलेला नव्हता. तो त्या काळात बव्हंशी खराच होता.

त्या कंपन्यांशी झुंज दिली ती रोग्यांनीच. १० डिसेंबर १९९८ या दिवशी केप टाउनमध्ये ‘ट्रीटमेंट ॲक्शन कॅम्पेन’ ही संघटना उभी राहिली. तिचे पुढारी झॅकी आचमत हे वर्णद्वेषविरोधी लढ्यात तुरुंग पाहिलेले, स्वतः एचआयव्हीबाधित. सामान्य रोग्याला सरकारी दवाखान्यात औषध मिळत नाही तोवर मीही घेणार नाही, असे म्हणून त्यांनी २००३पर्यंत औषध नाकारले. संघटनेत बहुसंख्य काळ्या, गरीब, बिनकामाच्या बाया. छातीवर ‘एचआयव्ही पॉझिटिव्ह’ असे ठळक छापलेला सदरा घालून त्या रस्त्यावर उतरत. ज्या शब्दाने समाज हाकलून देतो तोच शब्द छातीवर मिरवायचा, ही रीत आपल्याला नवी नाही. ‘दलित’ हा शब्द आपण तसाच उचलला. आणि अमेरिकेतल्या काळ्या पँथरांचे नाव १९७२ साली आपल्या पोरांनी उचलले तेव्हा त्याच्या मागेही हीच जाणीव होती. त्या ३९ कंपन्यांनी एप्रिल २००१मध्ये खटला सोडून दिला. त्याच्या दोनच महिने आधी मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसूफ हमीद यांनी तिन्ही औषधे मिळून वर्षाला ३५० डॉलरांत द्यायची तयारी दाखवली होती. आपल्या शहरातल्या कारखान्यातली गोळी त्या लढ्याला बळ देऊन गेली, ही आनंदाने नोंदवण्यासारखी गोष्ट आहे.

कंपन्या हटल्या तेव्हा आडवे आले ते स्वतःचेच सरकार. अध्यक्ष थाबो म्बेकी यांना एचआयव्हीमुळे एड्स होतो हेच शंकास्पद वाटू लागले होते. २००० साली त्यांनी नेमलेल्या सल्लागार मंडळात हा संबंध नाकारणाऱ्या शास्त्रज्ञांना जागा दिली. आरोग्यमंत्री मांतो चबालाला-म्सिमांग लसूण, बीट आणि लिंबू यांची महती गात आणि औषधांच्या विषारीपणाचे भय घालत. बाळंतपणात आईकडून बाळाला लागण होऊ नये म्हणून द्यायचे एक औषधसुद्धा सरकारने सर्व दवाखान्यांत द्यावे यासाठी कॅम्पेनला घटना न्यायालयात जावे लागले. ५ जुलै २००२ रोजी न्यायालयाने सरकारविरुद्ध निकाल दिला. म्बेकींना मूर्ख ठरवून मोकळे होणे सोपे आहे. मला ते जमत नाही. गोऱ्यांच्या राज्याने काळ्या माणसाचे शरीर म्हणजे रोगाचे नि वासनेचे आगर असे शतकभर सांगितले होते. त्या राज्याने रासायनिक आणि जैविक अस्त्रांचा गुप्त कार्यक्रम चालवला होता, आणि त्याची उघड साक्ष १९९८ साली सत्यशोधन आयोगापुढे झाली होती. अशा देशातल्या काळ्या पुढाऱ्याला ‘तुमच्या लोकांना लैंगिक रोग आहे, आमचे औषध घ्या’ हे वाक्य ऐकताना संशय यावा, हे मी समजू शकतो. ज्याचा अपमान पिढ्यान् पिढ्या झाला त्याचा संशय हा त्याचा गुन्हा नव्हे. पण त्या संशयाची किंमत अध्यक्षांनी मोजली नाही. ती खायेलित्शाने मोजली. हार्वर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ साली प्रसिद्ध केलेल्या हिशेबाप्रमाणे, २००० ते २००५ या काळात औषधे वेळेवर न दिल्याने तीन लाख तीस हजारांहून जास्त माणसे हकनाक गेली, आणि सुमारे पस्तीस हजार बालके लागण घेऊनच जन्मली.

याच संशयावर माथियास राथ यांचा धंदा उभा राहिला. जन्माने जर्मन, शिक्षणाने डॉक्टर, व्यवसायाने जीवनसत्त्वांच्या गोळ्यांचे व्यापारी. जुनाट रोग मुळात पेशींना जीवनसत्त्वे कमी पडल्याने होतात आणि त्यांच्या गोळ्यांनी ते आटोक्यात येतात, असा त्यांचा सिद्धान्त. युरोप-अमेरिकेत हृदयरोग नि कर्करोगाबद्दल हेच बोलून झाल्यावर ते दक्षिण आफ्रिकेत उतरले. वेळ पाहा. मोठ्या लढ्यानंतर २००४ साली सरकारी दवाखान्यांत एकदाची औषधे मिळू लागली होती. आणि नेमके तेव्हाच वर्तमानपत्रांतून राथ यांच्या पानभर जाहिराती झळकू लागल्या: ही औषधे म्हणजे विष आहे, परदेशी औषधकंपन्यांनी आफ्रिकेचा चालवलेला संहार आहे, आणि खरा इलाज जीवनसत्त्वांत आहे. भाषा पुरती आपली. वसाहतवाद, मक्तेदारी, संहार, मुक्ती. शोषितांच्या लढ्यातले सगळे शब्द जाहिरातीत होते. फक्त खाली गोळ्यांची बाटली होती.

२००५ साली खायेलित्शात या गोळ्यांचे वाटप सुरू झाले. स्थानिक नागरी संघटनेची माणसे घरोघरी हिंडून रोग्यांना बोलावू लागली. लोकांचा विश्वास असलेली, वर्णद्वेषाविरुद्ध झगडलेली संघटना. गोळ्या फुकट. अन्नाची पिशवीही कधी मिळे, असे सांगतात. भुकेल्या माणसाला ‘तुझे दुखणे अन्नाच्या उणिवेतून आले आहे’ असे सांगितले तर त्याला ते पटते. कारण त्याचे निम्मे दुखणे खरोखरच तेथून आलेले असते. माझ्या मामांनाही ते असेच पटले होते. हार्वर्डच्याच संशोधकांनी टांझानियातल्या स्त्रियांवर केलेल्या अभ्यासात जीवनसत्त्वांनी रोगाची चाल थोडी मंदावते असे आढळले होते. राथ यांनी तोच अभ्यास जाहिरातीत पुढे केला. त्या संशोधकांनी जाहीर निषेध केला: आमचे काम विपर्यस्त केले आहे, जीवनसत्त्वे ही औषधाची जागा घेऊ शकत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनेही तेच सांगितले. पण खायेलित्शाच्या खोपट्यात असली पत्रके पोचत नाहीत. तेथे पोचते ते दारात येऊन बोलणारे माणूस. गोळ्यांनी आपण बऱ्या झालो अशी साक्ष ज्या एका स्त्रीची राथ यांच्या प्रचारात झळकली, ती त्याच वर्षी वारली.

दारात जाऊन उलट बोलणारी माणसे कॅम्पेनपाशी होती. तिने रोग्यांची प्रतिज्ञापत्रे गोळा केली, आणि नोव्हेंबर २००५मध्ये देशातल्या डॉक्टरांच्या संघटनेला बरोबर घेऊन केप टाउनच्या उच्च न्यायालयात राथ आणि सरकार दोघांविरुद्ध अर्ज केला. १३ जून २००८ रोजी न्यायमूर्ती दुमिसानी झोंडी यांनी निकाल दिला. राथ यांचे हे प्रयोग बेकायदा होते; त्यांनी तशा जाहिराती करू नयेत; आणि हे सारे डोळ्यांदेखत चालले असताना त्याची चौकशी करून ते थांबवणे हे सरकारचे कर्तव्य होते. हे सत्य प्रथम शोधून कोर्टात सिद्ध करण्याचे काम लंडनच्या पत्रकाराने केले नाही. ते सदऱ्यावर रोगाचे नाव छापणाऱ्या बायांनी केले. लंडनच्या गोष्टीत हे बहुधा तळटीपेला जाते.

एक गोष्ट येथे लपवता येणार नाही. याच कॅम्पेनने त्याआधी, मार्च २००६मध्ये, राथ यांच्याविरुद्ध त्याच न्यायालयातून तात्पुरता मनाई हुकूम मिळवला होता, आणि तो बदनामीच्याच कायद्याखाली. कॅम्पेन ही औषधकंपन्यांच्या पैशावर चालणारी, त्यांनी पुढे केलेली टोळी आहे असा प्रचार राथ यांच्या गोटातून अखंड चालू होता. (त्यांच्यासाठी काम केलेल्या एका वकिलाने तर जानेवारी २००७मध्ये आचमत यांच्यावर वंशसंहाराचा आरोप ठेवून हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाकडे तक्रार धाडली.) म्हणजे जो कायदा पत्रकाराच्या मानेवर ठेवला गेला तोच रोग्यांनीही उचलला. हा कायदा मुळातच वाईट, तो पुसून टाका, असे म्हणणाऱ्या माझ्या स्नेह्यांशी म्हणूनच माझे पूर्ण जुळत नाही. पण दोन्ही ठिकाणी फरक होता. कॅम्पेनने मागितले ते इतकेच की आमच्याविषयीचे खोटे थांबवा. गोळ्यांविषयी काय बोलावे हा वाद तिने या अर्जात घातला नाही. त्याला तिने वेगळा अर्ज केला, पुराव्यानिशी.

आता लंडन. बेन गोल्डेकर हे डॉक्टर ‘गार्डियन’मध्ये ‘बॅड सायन्स’ नावाचे साप्ताहिक सदर लिहीत. २००७च्या आरंभी त्यांनी राथ यांच्या दक्षिण आफ्रिकेतल्या उद्योगांवर लिहिले. राथ यांनी दैनिकावर आणि गोल्डेकर यांच्यावर लंडनच्या उच्च न्यायालयात दावा लावला. रोगी आफ्रिकेत, औषध आफ्रिकेत, विक्रेता जर्मन, आणि दावा लंडनमध्ये! कारण सरळ आहे. इंग्रजी कायद्यात बदनामीकारक मजकूर खोटाच आहे असे आधी गृहीत धरले जाते. तो खरा आहे हे सिद्ध करण्याचा भार लिहिणाऱ्यावर. आणि तेथला वकिली खर्च युरोपातल्या इतर देशांच्या कित्येक पट. ज्याच्यापाशी पैसा आहे त्याला दावा जिंकायचीही गरज नसते, तो चालू ठेवला की पुरते. दीड वर्षाहून जास्त काळ तो चालला. तेवढ्या काळात गोल्डेकर यांना त्या विषयावर मोकळेपणाने लिहिता येईना. सप्टेंबर २००८मध्ये त्यांचे पुस्तक निघाले त्यात राथ यांच्यावरचे प्रकरण नव्हते. त्याच महिन्यात राथ यांनी दावा मागे घेतला. ‘गार्डियन’चा खर्च पाच लाख पौंडांच्या वर गेला होता, तो सगळा काही परत मिळाला नाही. म्हणजे जिंकणाऱ्याचीही लाखांची खोट. गाळलेले प्रकरण २००९च्या आवृत्तीत आले आणि गोल्डेकर यांनी ते कुणीही वाचावे, छापावे, वाटावे म्हणून फुकट मोकळे केले.

‘गार्डियन’ उभे राहिले हे चांगलेच झाले. त्यासाठी त्या दैनिकाची आरती करावी असे मात्र मला वाटत नाही. त्याच्यापाशी पैसा होता, वकील होते, नाव होते. एकट्या माणसावर दावा पडला की काय होते ते त्याच शहरात त्याच वर्षी दिसले. सायमन सिंग या लेखकाने एप्रिल २००८मध्ये ‘गार्डियन’मध्येच पाठीचा कणा चोळून-दाबून लहान मुलांचे पोटदुखी-दम्यासारखे विकार बरे करण्याच्या दाव्यांवर टीका केली, त्या व्यवसायाच्या ब्रिटिश संघटनेने दैनिकाला सोडून एकट्या सिंग यांच्यावर दावा लावला. खालच्या पायरीवर निकाल त्यांच्याविरुद्ध गेला. १ एप्रिल २०१० रोजी अपील न्यायालयाने तो फिरवला, आणि पंधरवड्यात संघटनेने दावा सोडला. वैद्यकीय पुराव्याच्या वादाचा निवाडा करणे हे अब्रूच्या कोर्टाचे काम नव्हे, असे त्या निकालाचे सार. या प्रकरणांनी उठलेल्या लोकमतामुळे इंग्लंडने २०१३ साली आपला कायदा सुधारला. दावा लावणाऱ्याने आता आपले गंभीर नुकसान झाले किंवा होणार हे दाखवावे लागते.

आपल्याकडे काय? मेकॉलेने ज्याचा पाया घातला त्या १८६०च्या दंडसंहितेत कलम ४९९ आणि ५०० आले. बदनामी हा नुसता दिवाणी वाद नव्हे, गुन्हा. दोन वर्षांपर्यंत साधी कैद. नुसते खरे बोलून सुटका नाही. खरे आणि शिवाय लोकहिताचे, असे दोन्ही सिद्ध करावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६मध्ये हा गुन्हा घटनेत बसतो असे ठरवले. १ जुलै २०२४पासून नवी संहिता आली, तिच्या कलम ३५६मध्ये तो तसाच बसलेला आहे. शिक्षेत समाजसेवेचा पर्याय वाढला इतकेच. इंग्रजांनी आपल्याला दिलेली जुनी वस्तू त्यांनी दुरुस्त केली, आपण तिला नवा आकडा दिला. प्रियांका पाठक-नारायण या पत्रकार बाईंनी योगगुरू रामदेव यांच्या व्यापाराचा इतिहास लिहिला, तर २०१७च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या कोर्टाने दुसरी बाजू न ऐकताच त्या पुस्तकाची विक्री थांबवली. पुढे २०१८ साली उच्च न्यायालयाने काही मजकूर वगळल्याखेरीज ते विकू नये असे ठरवले. असाध्य रोग बरे करण्याच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदाही या देशात १९५४पासून आहे. तो कायदा काढेवाल्याच्या दारात क्वचित जातो. अब्रूचा कायदा लिहिणाऱ्याच्या दारात पोस्टाने येतो.

पण ‘अब्रू’ हा शब्द जरा हातात घेऊन पाहावा. १८६० साली कायद्याने या देशातल्या माणसाच्या अब्रूला संरक्षण दिले. त्या वर्षी आमच्या पणज्याच्या कमरेला झाडू होता असे म्हणा, नाहीतर हातात घुंगुरकाठी. चारचौघांत त्याला त्याच्या जातीच्या नावाने पुकारल्याने त्याची अब्रू गेली, असे म्हणायला एकही न्यायाधीश बसला नसता. कारण जी वस्तू आहे तीच जाऊ शकते. आमच्या अपमानाला गुन्हा म्हणायला १९५५चा अस्पृश्यताविरोधी कायदा आणि १९८९चा अत्याचार प्रतिबंधक कायदा यांची वाट पाहावी लागली. आणि अब्रूच्या कायद्याचा उलटा वार मात्र आमच्यावर आणि आमच्या बाजूने लिहिणाऱ्यांवर पहिल्यापासून होत आला. दिनकरराव जवळकरांनी १९२५ साली ‘देशाचे दुश्मन’ लिहिले, केशवराव जेधे नि बागडे वकील त्यांच्या पाठीशी उभे राहिले, आणि पुण्यात त्यांच्यावर बदनामीचा खटला झाला. त्यांच्या बाजूने उभे राहून १९२६ साली तो जिंकणारे वकील म्हणजे नुकते विलायतेहून बॅरिस्टर होऊन आलेले बाबासाहेब. आमचे पाकीट आले तेव्हा हे मला ठाऊक नव्हते. ठाऊक असते तर काय केले असते, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळदा विचारला आहे. बहुधा दिलगिरीच छापली असती. आमच्यापाशी बॅरिस्टर नव्हता.

काही मित्र म्हणतील, तुम्ही दलित लेखक असून डॉक्टरी विज्ञानाची बाजू घेता. पण आमच्या वैदूंचे, जडीबुटीचे, सुईणींचे ज्ञान हेच तर तुच्छ लेखले गेले. म्हणणे बरोबर आहे. दवाखान्यात आम्हाला कसे वागवले जाते हे मी मामांच्या सोबत बाकावर बसून पाहिले आहे. त्या वागणुकीतूनच तर काढेवाल्याचे गिऱ्हाईक तयार होते. पण वैदूने कुणाला वकिलाची नोटीस धाडल्याचे माझ्या ऐकिवात नाही. त्याची पाळमुळे चालली नाहीत तर गाव त्याला तोंडावर सांगते, आणि तो ऐकून घेतो किंवा पाल उचलून पुढे जातो. राथ काय आणि आमच्या नाक्यावरचे गृहस्थ काय, त्यांच्यापाशी कुठले पुरातन ज्ञान नव्हते. गोळी कारखान्यातली होती, काढाही बाटलीबंद होता. आणि ‘तुमचे औषध चालले नाही’ हे वाक्य ऐकून घेण्याची तयारी नव्हती. परंपरेचे नाव नि स्वाभिमानाची भाषा त्यांनी आमच्याकडून उसनी घेतली होती.

लंडनच्या त्या दाव्यात पक्षकार होते ते डॉक्टर, दैनिक आणि स्तंभलेखक. दीड वर्ष वाद चालला तो राथ यांच्या नावाला किती धक्का बसला याचा. खायेलित्शातले रोगी त्यात पक्षकार नव्हते, असू शकतही नव्हते. इंग्लंडच्या अब्रूच्या कायद्यात मेलेल्याला स्थान नाही. त्यांचा आवाज उमटला तो केप टाउनच्या प्रतिज्ञापत्रांत. पुढे सप्टेंबर २००८च्या अखेरीस म्बेकी पायउतार झाले, बार्बरा होगन आरोग्यमंत्री झाल्या, सरकारचे धोरण पालटले, आणि आज त्या देशात लाखो लोक सरकारी दवाखान्यातून रोजची गोळी घेऊन जगत आहेत. ते जगत आहेत म्हणून त्यांना आपली गोष्ट स्वतः सांगता येते.

आमच्या पाक्षिकाच्या त्या अंकाची एक प्रत माझ्यापाशी राहिली आहे. स्टेन्सिलची शाई पिवळ्या कागदात पसरून अक्षरे फुगली आहेत, पण वाचता येतात. दिलगिरीच्या चौकटीत सहा ओळी आहेत. त्या गृहस्थांचे नाव तीनदा आले आहे, दर वेळी ‘डॉक्टर’ लावून. वकिलाने तसे बजावले होते. मामांचे नाव घालायचे आम्हाला सुचले नाही.